अपघातानंतरचा व्यायाम : बाईला वेळ कोण देणार?

(परभणी जिल्ह्यातील महिला मंडळं, बचत गट आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलीचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजक मैत्रिणींनी मला 'अपघात आणि स्त्रिया' ह्यावर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. समाजकार्याची पदवी घेऊन गेली दहा-बारा वर्षं ह्या जिल्ह्यात गावोगाव फिरणारी कार्यकर्ती आहे. पण ह्या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे. माझ्या उजव्या मांडीत आजही पट्टी आणि स्क्रू आहेत. आणि एक कबुलीही द्यायची आहे. ती आधी देते.

२०१९ च्या नोव्हेंबरात मी जिंतूरकडून परभणीला काळी-पिवळी जीपने येत होते. कापूस वेचणीचे दिवस होते. जीपमध्ये किती माणसं होती ते मोजलं नव्हतं, आपण कधी मोजतो? जीप वळणावर उलटली. माझं गुडघ्याच्या वरचं मांडीचं हाड मोडलं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईचंही तेच हाड, तसंच मोडलं. ती वेचणीला जाणारी शेतमजूर, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणते. दोघींना एकाच दवाखान्यात नेलं. दोघींचं ऑपरेशन एकाच डॉक्टरांनी केलं, पट्टीही सारखीच बसवली. आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या.

आज मी तुमच्यासमोर उभी राहून बोलते आहे. जमिनीवर मांडी घालून बसता येतं, एस.टी.ची पायरी चढता येते. अक्काचा गुडघा दोन वर्षांनंतरही फार तर तीस-चाळीस अंश वाकत होता. पाय सरळ पुढे टाकून ती भाकरी थापायची. शौचाला बसण्यासाठी भिंतीचा आधार लागायचा. खुरपणीला तिला कोणी बोलवेना, कारण सरीत उकिडवं बसता येत नव्हतं.

हाड तेच, ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच. मग फरक कशाने पडला? मी सात महिने व्यायाम केला, तिने केला नाही. एवढंच उत्तर दिलं तर ते खरंही आहे आणि खोटंही आहे. ती आळशी नव्हती. बाराव्या दिवशी ती घरी गेली आणि विसाव्या दिवशी चुलीपुढे बसली होती. मला मात्र संस्थेने पगारी रजा दिली. आई तीन महिने येऊन राहिली. नवरा स्वयंपाक शिकला, रोज गाडीवर बसवून फिजिओथेरपीला नेत होता. म्हणजे माझा पाय माझ्या एकटीच्या जिद्दीने बरा झालेला नाही. पाच माणसांनी मला वेळ दिला म्हणून तो बरा झाला.

आता कबुली. त्या आठ महिन्यांत मी, लोकांना आरोग्याचे हक्क शिकवणारी बाई, एकदाही अक्काच्या गावी गेले नाही. माझ्याच दुखण्यात होते. गेले तेव्हा ती माझ्या पायाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, तुमचा वाकतोय की. माझ्याला काय झालं मग?" ह्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जे शिकले, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

व्यायाम नेमकं काय करतो?

आपल्याकडे समजूत अशी की हाड मोडलं, हाड जुळलं, माणूस बरा झाला. हाड जुळवणं हे डॉक्टरांचं काम आहे आणि ते बऱ्याचदा नीट होतं. पण हालचाल हाड एकटं करत नाही. स्नायू, सांध्याभोवतीचं आवरण, शिरा आणि तोल हे सगळं मिळून पाय चालतो. पाय सहा आठवडे हलला नाही तर मांडीचा स्नायू झिजतो. प्लास्टर निघाल्यावर एक मांडी दुसरीच्या निम्मी दिसते, ते तुम्ही पाहिलं असेल. सांध्याचं आवरण आखडतं. जखमेच्या आत चिकटून बसलेले पापुद्रे गुडघ्याला वाकू देत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत हे पापुद्रे मऊ असतात, व्यायामाने सुटू शकतात. वेळ गेला की ते घट्ट होतात. मग कधी भूल देऊन पाय वाकवावा लागतो, कधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. म्हणून व्यायामाला वेळेची गाठ आहे. 'सुगी संपली की बघू' हे इथे चालत नाही.

कोणता व्यायाम कधी सुरू करायचा आणि पायावर किती भार द्यायचा, हे एक्स-रे पाहून डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतात. हे त्यांना विचारायचंच, विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघायचं नाही. साधारण टप्पे मात्र आपल्याला माहीत हवेत, म्हणजे विचारता तरी येईल.

पहिला टप्पा खाटेवरचा. पायाचा पंजा वर-खाली हलवायचा, दिवसातून अनेकदा. ह्याने पोटरीतलं रक्त फिरतं राहतं, गाठ होण्याचा धोका कमी होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, मांडी आवळायची, पाच-दहा आकडे मोजून सोडायची. हाताला प्लास्टर असेल तर बोटं उघडझाप करायची आणि डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर खांदा हलता ठेवायचा. मनगट मोडलेल्या कितीतरी बायांचा खांदा आखडून जातो, कारण झोळीतला हात त्या महिनाभर हलवतच नाहीत.

दुसरा टप्पा वाकवण्याचा. टाच खाटेवर सरकवत जवळ आणायची. टाच घसरावी म्हणून खाली प्लॅस्टिकची पिशवी किंवा स्टीलचं ताट ठेवलं तरी चालतं. उंच बाजेच्या काठावर बसून पाय लोंबता सोडायचा आणि चांगल्या पायाने त्याला हळूच मागे ढकलायचं. खांद्यासाठी पुढे वाकून हात विहिरीतल्या पोहऱ्यासारखा मोकळा झुलवायचा. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची. आज जिथपर्यंत बोट पोचलं तिथे चुन्याची खूण करायची, आठ दिवसांनी नवी खूण करायची. ज्या बाईला लिहिता येत नाही तिलाही भिंतीवरची ही प्रगती वाचता येते.

तिसरा टप्पा ताकदीचा. पाय सरळ ठेवून उचलणं, पुढे घोट्याला अर्धा किलो वाळूची पुरचुंडी बांधून उचलणं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं. एका पायरीवर चढणं-उतरणं. भिंतीजवळ एका पायावर उभं राहून तोल सांभाळणं.

चौथा टप्पा कामाचा, आणि शहरात छापलेल्या व्यायामाच्या पुस्तिकांमध्ये नेमका हाच नसतो. त्यात टेबल-खुर्ची असते, कमोड असतो. आपल्या बाईला उकिडवं बसायचं असतं, डोक्यावर हंडा घ्यायचा असतो, काळ्या चिखलाच्या रानातून चालायचं असतं. म्हणून फिजिओथेरपिस्टला स्पष्ट सांगायचं : "मला खुर्चीत बसायचं नाही, मला खुरपायचं आहे. तिथपर्यंत न्या." अर्धी कळशी कधी उचलायची, भरलेली कधी, खाली कधी बसायचं, हे त्यांच्याकडून ठरवून घ्यायचं.

दुखण्याबद्दल एक खूणगाठ. व्यायाम करताना ओढ बसते, थोडं दुखतं, आणि तास-दोन तासांत ते उतरतं. हे दुखणं चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं किंवा सूज वाढलेली दिसली तर कालचा व्यायाम जास्त झाला, आज कमी करायचा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, दम लागला, छातीत दुखलं, जखमेतून पू आला, ताप आला, पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम थांबवून ताबडतोब दवाखाना गाठायचा.

आडव्या येणाऱ्या समजुती

गावात फिरताना तीन-चार वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

"घरकाम हाच बाईचा व्यायाम." हे सासू म्हणते, नवरा म्हणतो, आणि बाईसुद्धा अभिमानाने म्हणते. कामात शरीर आपली जुनी वाट पकडतं. दुखरा पाय बाजूला ठेवून सगळा भार चांगल्या पायावर टाकतं. अक्का दिवसभर काम करत होती, पण तो गुडघा न वाकवता काम करण्याची कला तिने साधली होती. कामामुळे थकवा येतो, गुडघा वाकत नाही. वर महिनाभरात कंबर आणि दुसरा गुडघाही दुखू लागतो. ज्या सांध्याला इजा झाली आहे त्याला नेमून, मोजून, क्रमाने हलवणं म्हणजे व्यायाम. काम ही वेगळी गोष्ट आहे.

"चोळून घे, मोकळं होईल." हलक्या हाताने पाठीला तेल लावलं तर बरं वाटतं, ते कोणी नाकारत नाही. पण मोडलेल्या सांध्याला, विशेषतः कोपराला, जोराने चोळलं आणि ओढलं तर स्नायूतच हाड तयार होऊन सांधा कायमचा अडकण्याचा धोका असतो. सांधा वाकवायचा तो बाईने स्वतःच्या ताकदीने किंवा जाणकाराच्या हातून.

"पुरुषाकडून कसा पाय धरून घेऊ?" ही अडचण खोटी नाही. मांडीवर, कमरेवर परक्या पुरुषाचा हात लागणार म्हणून दुसऱ्या दिवसापासून न जाणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. सोबत बाई हवी, पडदा हवा, आधी सांगून मग हात लावला पाहिजे, स्त्री फिजिओथेरपिस्ट असेल तर ती मागण्याची सोय हवी. ह्या मागण्या लाजेच्या नाहीत, उपचाराच्या आहेत.

आणि एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. ओटीपोटाचं हाड मोडलेल्या बाईला कोणते प्रश्न पडतात? लघवी रोखता येत नाही. नवऱ्याजवळ जाण्याची भीती वाटते. पुढे मूल होईल का? डॉक्टर घाईत असतात आणि ती विचारत नाही. ओटीपोटाचं हाड मोडलं म्हणजे मूल होणार नाही असं मुळीच नाही. फक्त गरोदरपणात डॉक्टरांना अपघाताची माहिती आणि एक्स-रे द्यायला हवेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम असतात, त्याने लघवीच्या तक्रारीत फरक पडतो. नवऱ्यालाही समोर बसवून सांगावं लागतं की दुखणं आहे तोवर थांबायचं. नकार देण्याचा तिचा हक्क अपघातापूर्वीही होता, अपघातानंतरही आहे.

वेळ हाच खरा उपचार

आता मूळ प्रश्नाकडे येते. व्यायामाला यंत्रं फार लागत नाहीत. लागतो तो वेळ. दिवसातून तीन वेळा वीस-वीस मिनिटं म्हटलं तरी तास झाला, आणि तो महिनोन्महिने द्यायचा. आपल्या बाईच्या दिवसात तो तास कुठे आहे?

२०१९ साली केंद्र सरकारने वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. ह्यात शेतातली मजुरी धरलेली नाही, लेकरं आणि म्हाताऱ्यांची देखभालही वेगळी. घरातला पुरुष अपघातात जखमी झाला की त्याची सेवा करायला बाई असते. बाई जखमी झाली की ते पाच तास कोणाच्या अंगावर जातात? बऱ्याचदा बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या. तिची शाळा सुटते. अक्काच्या घरी हेच झालं. धाकटी सातवीत घरी बसली. एका गुडघ्यापायी दोघी अडकल्या.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर तुम्हाला माहीत असतील. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि ते कायमचे अपंग झाले. उपचार म्हणून पोहणं सुरू झालं आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. भारताला मिळालेलं ते अशा स्पर्धेतलं पहिलं सुवर्णपदक. त्यांच्या जिद्दीला सलामच. पण मला त्यातली दुसरी बाजूही दिसते. सैनिक जखमी झाला की त्याच्यासाठी लष्करी रुग्णालय असतं, व्यायाम शिकवणारे असतात, आणि बरं होणं हेच त्या काळात त्याचं काम मानलं जातं. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी खेळ आणि व्यायामातून जखमी सैनिकांना उभं केलं, तेही युद्धाची गरज होती म्हणून. शेतमजूर बाईच्या जखमेला असं सरकारी महत्त्व कधी मिळालं? आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून अपंगांसाठी मोठं काम उभं केलं. तेही बाहेरून कोणी आणून दिलं नाही.

सरकारी योजनांचा रोखही बघा. रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने २०२५ मध्ये रोख पैसे न भरता उपचाराची योजना आणली. दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून सात दिवस. जीव वाचवायला हे फार मोलाचं आहे, ती माहिती गावागावात पोचवलीच पाहिजे. पण सात दिवसांनंतर? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होऊ शकतं, पण तिचाही भर दवाखान्यात भरती असेपर्यंतच्या उपचारावर आहे. घरी परतल्यावरचे सहा महिने बाईच्या स्वतःच्या खात्यावर. गावातून तालुक्याला, तालुक्यावरून परभणीला, आठवड्यातून तीनदा, कुबड्या घेऊन, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडवून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २४० कोटी लोकांना अशा पुनर्वसनाच्या उपचाराचा उपयोग होऊ शकतो. त्यातली किती माणसं अशी रस्त्यातच थांबत असतील, विचार करा.

कायद्याच्या नजरेत बाईचा गुडघा

भरपाईचंही बोललं पाहिजे, कारण व्यायामाचा खर्च तिथून निघू शकतो.

अक्काचा दावा लोक अदालतीत मिटला. कागदावर तिचा धंदा लिहिला होता 'घरकाम'. वेचणीची, खुरपणीची मजुरी कुठे नोंदलेली नव्हती. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्वाचे टक्के थोडेच होते. आलेल्या रकमेतून ऑपरेशनच्या वेळचं कर्ज फिटलं आणि संपलं.

आपल्याला तेव्हा जे माहीत नव्हतं ते आता सांगते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली जखमी व्यक्ती स्वतः दावा करू शकते आणि ती राहते त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करू शकते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अवयवाचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईचं नुकसान ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोच हात गेला तर सुताराची सगळी कमाई जाऊ शकते आणि कारकुनाची नोकरी टिकू शकते. आपल्या बाबतीत ह्याचा अर्थ काय? न वाकणाऱ्या गुडघ्याने टेबलाशी बसून काम करता येईल, पण खुरपणी, वेचणी, ऊसतोड करता येणार नाही. हे दाव्यात लिहिलं गेलं पाहिजे. पुढचा उपचार, फिजिओथेरपी, येण्याजाण्याचा खर्च, सोबतीच्या माणसाची मजुरी हेही मागता येतं.

गृहिणीच्या श्रमाचं मोल हा तर आपल्या चळवळीचा जुना प्रश्न. अरुणकुमार अग्रवाल प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवलं जातं, ह्यावर कडक शब्दांत टीका केली. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स ह्या निकालात, मघाशी सांगितलेल्या २९९ आणि ९७ मिनिटांचाच आधार घेऊन, गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल धरलंच पाहिजे असं न्यायालयाने म्हटलं. हे दोन्ही निकाल मृत्यूच्या दाव्यांतले आहेत. पण मेलेल्या गृहिणीच्या कामाला किंमत असेल तर जिवंत राहून लंगडणाऱ्या गृहिणीच्या कामालाही ती आहे, हे आपल्या वकिलांकडून मांडून घ्यायला हवं.

मुदत लक्षात ठेवा. कायद्यातल्या बदलानुसार १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा करायचा आहे. ह्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आपण त्यावर विसंबून उशीर करू नये.

ट्रॅक्टरचं वेगळं सांगते. ४ एप्रिल २०२५ ला वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बाया घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला. सात बाया गेल्या. वसमत १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, त्या बाया आपल्याच. अशी बातमी आली की आपण हळहळतो. पण रोज जे ट्रॅक्टर पडत नाहीत, त्यातही तशाच बाया तशाच बसलेल्या असतात. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी असतो, ट्रॉलीत बसलेल्या मजुरांची जबाबदारी विमा कंपन्या नाकारतात आणि वाद वर्षानुवर्षं चालतो. मालकाच्या वाहनातून कामावर जाताना अपघात झाला तर कर्मचारी भरपाईच्या कायद्याचा मार्गही वकिलाला विचारून बघावा. दोन्ही कायद्यांखाली एकाच जखमेची भरपाई मिळत नाही, म्हणून आधी नीट सल्ला घ्यावा. मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसणाऱ्या आपण सगळ्याजणी आहोत. मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारी जाळी असावी, हे केंद्राच्या नियमातच आहे. घरच्या गाडीला ती आहे का, आज जाऊन बघा.

आपण काय करू शकतो?

अक्काकडे उशिरा का होईना पोचल्यावर आम्ही चौघीजणी बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. त्याच तुमच्यापुढे ठेवते.

एक, गावातल्या कोणत्याही बाईला अपघात झाला की पहिल्या आठवड्यात मंडळातली एकजण दवाखान्यात जाईल. तिथे चार प्रश्न विचारून उत्तरं लिहून आणेल : पायावर भार कधी द्यायचा, कोणता व्यायाम आजपासून करायचा, पुन्हा केव्हा दाखवायचं, कोणत्या कामाला मनाई आहे.

दोन, कागद. पोलिसातल्या नोंदीची प्रत, दवाखान्याची कागदपत्रं, एक्स-रे, प्रत्येक पावती, गाडीभाड्याची चिठ्ठीसुद्धा एका पिशवीत. बाई कोणतं काम करत होती, किती मजुरी मिळत होती, हे ज्यांच्या शेतात ती जायची त्यांच्याकडून लिहून घ्यायचं.

तीन, घरातलं काम. पहिले दोन महिने पाणी, सरपण आणि स्वयंपाकाची पाळी गटातल्या बाया लावतील, पण त्याआधी घरातल्या पुरुषांची बैठक. फक्त आपणच आपलं ओझं वाटून घेत बसलो तर ते बाईच्या डोक्यावरून बाईच्याच डोक्यावर जातं. आणि मुलीची शाळा सुटू द्यायची नाही, ही अट.

चार, व्यायामाची सोबतीण. रोज संध्याकाळी एकीने जाऊन बसायचं, आकडे मोजायचे. एकटीचा व्यायाम आठ दिवसांत बंद पडतो.

पाच, मागणी. प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात निदान आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट हवा. जिल्ह्याचे नऊ तालुके आहेत, सगळा भार परभणी शहरावर का? परभणीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलेलं आहे, त्याचा उपयोग तालुक्यापर्यंत पोचावा. आशा कार्यकर्तीला साधे व्यायाम शिकवावेत, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळावा. तीही बाईच आहे, तिच्या वेळेलाही मोल आहे.

ह्या कामात आम्हाला फार मोठं यश मिळालं असं सांगून मी जाणार नाही. दीड-दोन वर्षांनंतर सुरुवात केल्यामुळे अक्काचा गुडघा पूर्ण मोकळा झाला नाही, होणारही नाही. परभणीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगितलं. वर्षभराच्या मेहनतीनंतर तो साधारण काटकोनापर्यंत वाकतो. ती आता खुर्चीत नीट बसते, एस.टी.त चढते. उकिडवं बसता येत नाही, खुरपणी सुटली ती सुटली. बचत गटातून तिने शेळ्या घेतल्या आहेत. धाकटी पुन्हा शाळेत गेली, एक वर्ष मागे पडून.

मागच्या पावसाळ्यात तिच्या गावात एक सून मोटारसायकलवरून पडली, पाय मोडला. मला कळायच्या आतच अक्का काठी टेकत तिच्या घरी पोचली होती. सासूला तिने स्वतःचा पाय पुढे करून दाखवला आणि म्हणाली, "असा पाय पाहिजे का सुनेचा? नको असला तर तीन महिने भाकरी तू थाप."

सासूने थापल्या. त्या सुनेचा पाय वाकतो आहे.

आपापल्या गावात अशी एकेक बाई आज घरात पाय पुढे टाकून बसलेली असेल. शिबिरातून परत गेल्यावर आधी तिच्याकडे जा. मी आठ महिने उशीर केला, तुम्ही करू नका.